जावयाचा भोंगा

जावयाला फोन करावा तर तो उचलत नाही, आणि आपण ताटावर असो, न्हाणीत असो की कुणाच्या मयताला निघालेलो असो, त्याच्या सवडीने त्याचा फोन मात्र येतो, "काही शे का मामी?" ही दगूबाईची तक्रार होती. ती तिने देव्हाऱ्यातल्या देवांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली होती. एकट्या जावयाला सोडून.

हेमकांत शहाद्याला राहायचा. चौकात त्याचं दुकान होतं. कॅमेरे लावून द्यायचे, शेतातल्या मोटारी मोबाईलवर चालू-बंद होतील असं करून द्यायचं, असला त्याचा धंदा. सकाळी दुकान उघडलं की एक फोन, दुपारी डबा खाल्ला की दुसरा, शटर ओढताना तिसरा. प्रश्न विचारायचा आणि समोरचीने तोंड उघडायच्या आत "बरं बरं, ठेवस" म्हणून मोकळा. दगूबाईचे थोरले दीर वारले त्या दिवशी तिने त्याला फोनवर फोन केले. एकही उचलला नाही. दिवेलागणीला त्याचाच आला. तिने "भाऊ गयात" म्हणेपर्यंत पलीकडे बरं बरं होऊन फोन बंद. आला तो थेट दहाव्याला, आणि मला कुणी कळवलंच नाही म्हणून तोंड पाडून ओट्यावर बसला. वर त्याची समजूत काढायला चार माणसं लागली.

दगूबाईची जीभ कशी आहे हे नंदुरबारच्या मार्केटात विचारावं. दलाल तिच्याशी बोलताना दोन पावलं लांब उभे राहत. नवरा गेल्यावर मिरचीची पथारी तिने एकटीने चालवली होती आणि एकाही व्यापाऱ्याची तिच्यापुढे वजनात खोट काढायची छाती झाली नव्हती. पण जावयापुढे हीच बाई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून "जवाईबापू" म्हणे आणि गप्प बसे. कारण जावयाला बोललेलं एकेक अक्षर रंजनाला सोसावं लागे. रंजना तिची एकुलती एक लेक. सासरचा राग ती माहेरच्या फोनवर काढी आणि माहेरचा राग सासरच्या भांड्यांवर.

पथारी गावाबाहेर, धानोऱ्याच्या रस्त्याला. उघडं मैदान, चोपून सपाट केलेलं. भिला, म्हणजे दगूबाईचा मुलगा, मार्केटातून ओली लाल मिरची घेऊन यायचा. ती मैदानावर पसरायची, बायांनी दाताळ्याने पालटायची, देठ खुडायचे, आणि थंडीच्या उन्हात ती कडक वाळू द्यायची. भिला खरेदीत हुशार होता, बाकी त्याचं सगळं आईच्या तोंडाकडे बघून चाले. यंदा मिरची एकदम आली. एवढी, की मैदानाचा कोपरानकोपरा लाल झाला. मसाल्याच्या कारखान्याशी बोलणं झालेलं. वर्षभराचं जे काय होतं ते सगळं त्या जमिनीवर उघडं पडलेलं होतं, आणि अवकाळी पावसाची एक सर आली की संपलं. भिजलेली मिरची दोन दिवसांत काळी पडते, बुरशी धरते. मग ती कारखान्यालाही चालत नाही आणि घरच्या ठेच्यालाही.

म्हणून पूर्वी रूपलीबाई होती. पथारीच्या कडेला मातीचा उंचवटा होता, त्यावर ही बाई पावसाच्या दिशेला तोंड करून देठ खुडत बसायची. भांडखोर अशी, की तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे, म्हणूनच दगूबाईने तिला तिकडे बसवली होती. पण आवाज असा की रस्त्यावरचे ट्रकवाले मागे वळून पाहत. बाकीच्या बायांनी मान वर करायची नाही, हा नियम. घडोघडी प्रत्येकीने आभाळ न्याहाळलं तर मिरची कोण पालटणार? रूपलीबाईने हाक दिली की मात्र हातातलं जिथल्या तिथे टाकायचं. पोराला पाजत असली तरी उठायचं. ढीग करायचा, ताडपत्री ओढायची, कडांवर दगड ठेवायचे. हाक नाही तोवर आभाळ नाही असं समजायचं आणि काम करायचं. या रीतीवर दगूबाईच्या पथारीने कितीतरी हिवाळे काढले.

गेल्या वर्षी मात्र ढग उंचवट्याच्या पाठीमागून आला. रूपलीबाईला उशीर झाला आणि एक कड भिजली. हे ऐकून हेमकांत म्हणाला, मामी, कोणत्या जमान्यात राहता तुम्ही. आणि डबा घेऊन आला.

डबा पत्र्याचा, पथारीवरच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवलेला. धानोऱ्याला गोकुळच्या मळ्यात, म्हणजे दगूबाईच्या भाच्याकडे, एक खांब रोवला. दुसरा खांडबाऱ्याच्या अलीकडे. खांबावर पाण्याचे थेंब पडले की तो नेटवरून इकडे डब्याला निरोप धाडणार आणि डबा छपरावरचा भोंगा वाजवणार. ढग धानोऱ्याहून पथारीवर पोचेपर्यंत सगळी मिरची झाकून होते. ऐकायला बरं होतं. डब्यावर त्याने लाल अक्षरं सरकणारी एक पाटीही लावली. तारीख, वार, ऊन किती, आणि मग लांबलचक "हेमकांत ऑटोमेशन, शहादा, विश्वासाचं एकच नाव" असं काहीतरी उजवीकडून डावीकडे सावकाश जात राही. दगूबाईला अक्षरं लावून लावून वाचावी लागत. दुसरीच्या पुढे तिला शाळा भेटली नव्हती. पण तिचं वाचून व्हायचं तरी त्या पाटीचं संपत नसे.

लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही आणि जावई किंमत सांगत नाही, अशी अडचण. दगूबाईने रंजनाला जरीचं लुगडं आणि निवडक मिरचीचं पोतं पाठवून आपल्यापुरता हिशोब मिटवला. तरी तो डबा धड विकतचा नव्हता, धड आहेराचा नव्हता. विकतचा असता तर तिने पहिल्याच आठवड्यात दुकानदाराच्या डोक्यात घातला असता.

मार्गशीर्षात एकदा थोडी भुरभुर आली. भोंगा असला तरी रूपलीबाई सवयीने उंचवट्यावरच बसलेली होती. तिने हाक दिली. बायांनी मिरची झाकली, दगड ठेवले, हात झटकले, एकीने तंबाखूही मळली, आणि मग भोंगा वाजला. मोठ्या ऐटीत वाजला. बाया पोट धरून हसल्या. रूपलीबाईने तर भोंग्याकडे पाहून, उठला का रे राजा, म्हणून हात जोडले.

हे शहाद्यापर्यंत कसं गेलं कोण जाणे. रंजनाचा फोन आला, रडका आणि तिखट. चार मजुरणींकडून त्यांची थट्टा करवलीत, दोन दिवस ते जेवले नाहीत, तुम्हाला तुमचा जावई नकोच झालाय. दगूबाईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने बायांना गोळा करून बजावलं की यापुढे भोंग्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. ढग दिसो की न दिसो. भोंगा वाजला की उठायचं, त्याआधी उठेल तिने घरी जावं. रूपलीबाईला उंचवट्यावरून उतरवून बायांच्या मधोमध बसवली. तिच्या शेजारणींना त्याची शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी.

रुचिका, भिलाची मुलगी, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. आजीची जीभ घराण्यात कुणाला लागली असेल तर हिला. सुट्टीत आली, भोंग्याची गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून, "उघडू नये" असा कागद चिकटवलेला डबा तिने उघडलाही.

तिने आजीला समजावलं ते असं. डब्यात दोन चिपा आहेत. मोठी चिप कामं करते, पाटी चालवते, भोंगा वाजवते. धाकटी फक्त नेटवरचे निरोप घेते. आता निरोप आला हे मोठीला कळायचे दोन रस्ते. एक म्हणजे मोठीने हातातलं काम संपवून, काही आलं का, काही आलं का, असं धाकटीला विचारत राहायचं. त्याला पोलिंग म्हणतात. दुसरा म्हणजे धाकटीला त्यासाठीच एक जादा पाय दिलेला असतो, त्याची तार मोठीला जोडायची. निरोप आला की धाकटी त्या तारेला हिसका देते आणि मोठी असेल ते काम अर्धं टाकून उठते. त्याला इंटरप्ट म्हणतात. फुवांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, तो पाय मोकळाच ठेवलाय. त्यामुळे मोठी चिप आधी तारीख, ऊन, विश्वासाचं एकच नाव, सगळं पाटीवरून चालवून घेते आणि मग सावकाश विचारते. त्यात दोन्ही खांब मधून मधून आपण चालू असल्याचे निरोप पाठवत असतात. धाकटीची पिशवी लहान, ती त्यानेच भरते, आणि पावसाचा निरोप आला की त्याला जागाच नसते. तो हरवतो. खांब पुन्हा पाठवतो, पुन्हा हरवतो. कधीतरी बरोबर वेळी पोचला तर पोचला.

दगूबाईने डोळे बारीक करून डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे डबडं बनावनाऱ्यावरच गयं." आणि रुचिकाला विचारलं की मग वाट कुणाची बघतेस, जोड तार.

रुचिकाने तार जोडली आणि आता बघ म्हणून छाती पुढे काढली. धानोऱ्याला गोकुळला फोन करून खांबावर तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. त्याने ओतलं. पाटीवरची अक्षरं आपल्या गतीने सरकत राहिली. आजी-नातीची मान दुखायला लागल्यावर भोंगा वाजला. दगूबाईने नातीची अशी काही पूजा बांधली की विचारू नका. बापाचे पैसे खर्चून तारा चिकटवायला शिकलीस का, असं म्हणाली. रुचिका लाल झाली. तार आहे, पण हिसका बसला तर काय करायचं ते चिपला सांगितलेलंच नाही, तिने आजीवर आवाज चढवून सांगितलं. ते सांगायचं तर मूळचा प्रोग्राम हवा, आणि तो फुवांच्या लॅपटॉपवर आहे. एवढ्या दोन ओळी. ते त्यांनी करावं नाहीतर मला द्यावं.

म्हणजे जावयाला कळवणं आलं. दगूबाईने फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, परत नाही. दुपारी त्याचा आला. ती "डबडामा एक तार" इथपर्यंत पोचली, तोवर बरं बरं होऊन फोन बंद. रुचिकाने मोबाईलवर सगळं लिहून पाठवलं, डब्याचा फोटोही पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर म्हणून गुलाबाचं फूल आणि शुभ प्रभात आलं. शेवटी दगूबाईने रंजनाकडे निरोप दिला, अगदी मऊ शब्दांत. रंजना म्हणाली, तुमना जवाई इंजिनेर शेतस की रुचिका? तिथे ते संपलं. मिरची उघडीच होती. दगूबाई रात्री अंगणात येऊन आभाळ बघून जाई, आणि आपल्याला आपल्याच पथारीवर हे असं चोरून करावं लागतंय म्हणून स्वतःवरच दात खाई.

मग एका शुक्रवारी हेमकांतने स्वतःहून दोन वाक्यं जास्त बोलायची कृपा केली. रविवारी येतोय, नवापूरचे योहानभाऊ म्हणून आहेत, त्यांच्या कोंबड्यांच्या शेड आहेत, त्यांना आपलं मशीन दाखवायचंय, जेवायला तिकडेच. दगूबाईला हायसं वाटलं. माणूस समोर बसला की दोन ओळींचं काम करून घेता येईल. पाहुण्यादेखत नाही, पाहुणा हात धुवायला उठला की. तिने तसं रुचिकाला सांगूनही ठेवलं. पाहुण्यासमोर तोंड उघडशील तर बघ.

रविवारी सकाळी हेमकांत लवकर आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्याने लॅपटॉप डब्याला लावला. रुचिका आशेने जवळ जाऊन उभी राहिली. त्याने पाटीवर नवं वाक्य घातलं, "नवापूर येथील प्रसिद्ध कुक्कुटपालक मा. श्री. योहानभाऊ यांचे दगूबाई मिरची पथारीवर हार्दिक हार्दिक स्वागत", आणि लॅपटॉप मिटून गाडीत ठेवला. रुचिका म्हणाली, फुवा, एक मिनिट, ती इंटरप्टची तार. तो हसला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पाहुणा आला म्हणून फाटकाकडे गेला.

योहानभाऊ हा धिप्पाड आणि थोडं बोलणारा माणूस. त्याने पथारी पाहिली, ठसक्याने शिंकला, डबा पाहिला, पाटीवर आपलं नाव येईपर्यंत उभा राहिला, कारण हेमकांतने त्याला खांद्याला धरून उभं केलं होतं. त्याचा प्रश्न एकच होता. वीज जाऊन शेडमधले पंखे थांबले तर कोंबड्या उकाड्याने पटापट मरतात, मला किती लवकर समजेल? हेमकांत म्हणाला, मशीन सारखं विचारतच असतं भाऊ, दिवसरात्र, थकत नाही.

जेवण पथारीवरच्या खोलीत होतं. जावयासाठी म्हणून दगूबाईने खापरावरच्या पुरणपोळ्या स्वतः केल्या होत्या. सोबत रशी, भात, कुरडया. हेमकांत आणि योहानभाऊ पाटावर बसले, भिला वाढायला. दगूबाई तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती, म्हणून तिला दोन्हीकडचं दिसत होतं. आत जावई. बाहेर मैदानभर लाल मिरची, खाली माना घातलेल्या बाया, आणि त्यांच्या पलीकडे पश्चिमेला आभाळ, जे मघा नव्हतं तसं आता जांभळं झालेलं.

बायांत एकच मान वर होती. रूपलीबाईची. ती आभाळाकडे बघत नव्हती, दगूबाईकडे बघत होती.

रुचिका मोबाईल घेऊन धावत आली. गोकुळचा फोन होता. धानोऱ्याला धो धो लागलाय, मळ्यात पाणी साचलं, तुमचा भोंगा वाजला ना? दगूबाईने छपराकडे पाहिलं. भोंगा गप्प. पाटीवर "हार्दिक हार्दिक" चाललं होतं.

ती आत गेली. पाहुण्यासमोर आवाज न चढवता म्हणाली, "जवाईबापू, धानोराले पानी उनं."

हेमकांत योहानभाऊला खांब कसा रोवायचा ते सांगत होता. त्याने वर न बघता डावा तळहात उभा केला. "एक मिनिट मामी." आणि पुढे सांगू लागला.

दगूबाई थांबली. आयुष्यात तिला हात करून कुणी थांबवलं नव्हतं, सासऱ्याने नाही, फौजदाराने नाही, आणि ती थांबली. घास गिळून तो बोलला, बोलून पुन्हा घास घेतला. तूप संपलेलं दिसलं तेव्हा वाटी पुढे केली. तिने तूप वाढलं. खिडकीतून ओल्या मातीचा वास आत आला. योहानभाऊचा हात ताटातच थांबला. त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं. "भाऊ, त्या काहीतरी सांगतायत," तो म्हणाला.

"सांगतील ना. जेवण होऊ द्या," हेमकांत म्हणाला. "काही असतं तर मशीनने आवाज दिला असता."

दगूबाईने तुपाची वाटी खाली ठेवली, बाहेर आली आणि जीव खाऊन ओरडली. गोळा करा, झाका, उठा.

एकही बाई उठली नाही. सगळ्यांनी माना वर केल्या आणि छपरावरच्या भोंग्याकडे पाहिलं. तो वाजला नव्हता. मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्याआधी उठेल तिने घरी जावं, हे दगूबाईचेच शब्द होते, आणि ती शब्द फिरवत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. भोंगा तपासायला पाहुणा आलाय, तर ही आपली परीक्षा चाललीय, असंही काहींना वाटलं म्हणे. रूपलीबाई तर पाय लांब करूनच बसली होती.

"भोंगा तं वाजना नही, दगूमाय," ती म्हणाली. "तुनाच कायदा शे."

दगूबाईने तिला काय शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. लुगडं खोचून तिने स्वतः दाताळं उचललं आणि पश्चिमेच्या कडेला धावली. तेव्हा रूपलीबाई उठली. तिने आपली ती जुनी हाक दिली, आणि मग सगळं मैदान हललं. भिला हातातलं भाताचं पातेलं टाकून आला. योहानभाऊ उष्ट्या हाताने ताडपत्रीचं टोक धरून ओढू लागला. रुचिका दगड उचलत होती. पण जितका वेळ बाया भोंग्याकडे बघत बसल्या होत्या तितका वेळ ढगाला पुरला. पहिला ढीग झाकला, दुसरा झाकला, रस्त्याकडची अर्धी पथारी ताडपत्रीखाली गेली. पश्चिमेची अर्धी जमिनीवरच होती तेव्हा सर आली. थेंब कसले, आभाळाने बादलीच उपडी केली. मिरचीवर पाणी पडलं की तिचा लाल रंग क्षणभर आणखी खुलतो, नवरीसारखा. दगूबाईला तो रंग ओळखीचा होता. तो शेवटचा असतो.

ती दाताळं धरून त्या पाण्यात उभी होती तेव्हा भोंगा वाजला. पूर्ण वाजला, न चुकता, गावापर्यंत ऐकू जाईल असा. या वेळी कुणी हसलं नाही.

हेमकांत खोलीच्या दारात, छपराखाली, पुरणाने माखलेला हात अंगापासून लांब धरून उभा होता. शर्टाला डाग लागू नये याची काळजी होती. बघा, वाजलं की नाही, असं त्याने योहानभाऊला सांगितलं. नेट स्लो होतं, ते कंपनीकडून असतं, आपल्या हातात नसतं. चिंब भिजलेला योहानभाऊ डब्याजवळ गेला आणि पाटीवर अजून फिरत असलेलं स्वतःचं नाव शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, एवढ्या वेळात माझी शेड संपली असती. आणि आपली गाडी काढून निघून गेला.

रुचिकाने डबा उघडला. निरोप आले होते फुवा, तिने सांगितलं, दहा वेळा आले असतील, तुमची चिप पाटी चालवत होती. ही तार मी जोडलीय, तिला काय करायचं तेवढं सांगा. हेमकांत म्हणाला की कालची पोरगी त्याला शिकवणार असेल तर त्याने दुकान बंद केलेलं बरं. रंजनाला हे सगळं कळल्यावर काय वाटेल, हेही त्याने आवाज जरा वर करून विचारलं. भिलाने नेहमीप्रमाणे आईच्या तोंडाकडे पाहिलं.

दगूबाई पायरीजवळ आली होती. लुगड्यातून पाणी निथळत होतं, पदर डोक्यावरून कधीच खांद्यावर आला होता आणि तो तिने परत ओढला नाही. अर्धी पथारी तिच्या मागे पाण्यात पडली होती. रंजनाचा फोन येईल, रडेल, भांडी आपटेल. येऊ दे. जिचं अर्धं वर्ष मातीत गेलं ती बाई फोनला काय भिणार.

हेमकांतने तिच्याकडे पाहिलं आणि माखलेला हात पुढे केला. रुचिका, हात धुवायला पाणी आण, तो म्हणाला. रुचिका तांब्याकडे वळली. दगूबाईने तिला नजरेनेच जागेवर उभं केलं.

"पानी भेटाव नही, हेमकांत," ती म्हणाली. मैदानावरच्या सगळ्या बायांना ऐकू गेलं. "आभायमायीन पडी ऱ्हायनं, तठे जा नि धू. तुन्हं डबडं बिघडेल नही. ते तुन्हासारखंच शे. पहिले आपलं नाव फिरावस, मंग सवड भेटनी ते इचारस. कोनी हाक मारी तं हात वर करस. आते ती पाटी उतार, मन्हा देखत. ती तारले काय सांगनं शे ते सांग, नहीते तुन्हं मशीन या पोरना हातमा दे नि बाजूले सरक. आनि एक ऐकी ले. रंजनाना घरमा तू मन्हा जवाई. अठे, या पथारीवर, तू कारागीर. कारागीरले मी तूप वाढत नही. तेन्हं काम देखस, नि तुन्हं काम मी देखी लिधं."